नीलाबाईंच्या गळ्यातले दोन दोरे

आमच्या युसूफ वडगावात उन्हाळा लागला हे पंचांगात बघावं लागत नाही. बाजारतळाच्या कडेला नीलाबाईंचं मिरची कांडप सुरू झालं, की सगळी पेठ शिंकायला लागते. शेजारचा शिंपी शिंकतो, केजच्या गाडीची वाट बघणारे शिंकतात, भाषण करायला आलेला पुढारी माईक सोडून शिंकतो. आणि या सगळ्या फुटकळ शिंका संपल्यावर, दरबार भरल्यावर राजा यावा तशी, एक शिंक येते. ती नीलाबाईंच्या नवऱ्याची, शंकरप्पांची. कांडपाच्या समोरच त्यांचं किराणा दुकान. गल्ल्यावर बसलेले अप्पा आधी छताकडे बघतात, डोळे मिटतात, सगळं अंग मागे नेतात, आणि मग जी शिंक देतात तिनं तराजूची पारडी हलतात.

“अवो, हळू! पत्रे उडतील,” कांडपातून नीलाबाई ओरडतात.

“कुटनार तू, आन हळू शिंकायचं मी?” इकडून उत्तर जातं.

मी उभी हयात नाटक कंपनीत काढली. बहुतेक राजाचीच कामं केली, म्हणून गाव मला अजून ‘राजे’ म्हणतं. प्रवेश कसा घ्यावा, प्रेक्षकांना किती ताटकळत ठेवावं, हे मी मोठमोठ्या नटांकडे बघून शिकलो. पण शंकरप्पांच्या शिंकेला पेठेत जी दाद मिळते, ती मला क्वचितच मिळाली. ती शिंक या वर्षी कायमची जाणार होती. ती ज्या बाईनं जाऊ दिली नाही, तिची ही हकिकत.

नीलाबाई उंचीला माझ्या खांद्याखाली. आवाज मात्र असा, की आमच्या कंपनीत असत्या तर लाऊडस्पीकर लागला नसता. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, मनगटं रुंद, बोटं बारमाही लालसर. माहेर गेवराईकडचं, गोदावरीच्या काठचं. लग्न होऊन वडगावात आल्या तेव्हा कांडपाचं यंत्र नव्हतं. सासूचं दगडी उखळ होतं आणि दोन मुसळं. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. पेठेतून जाताना तो आवाज यायचा, धम्म, धम्म, धम्म, आणि त्यात खंड म्हणून नसायचा. एक दमली तर शेजारीण येऊन तिच्या हातातलं मुसळ ठोका न चुकवता उचलायची. मी कितीदा तरी तिथे उगाच थांबलो आहे. आमच्या कंपनीच्या तबलजीला हे दाखवायला हवं होतं, असं वाटायचं.

“मुसळ आपटायचं नसतंय, भावजी,” त्या मला एकदा म्हणाल्या. “दाबून सोडायचं. आन पुरं उचलायचं. आर्धं उचललं का मिरची नुस्ती चेपती.”

पुढे यंत्र आलं. तरी लग्नघरच्या आमटीला लागणारा येसर मसाला हातानं कुटलेलाच हवा, असं म्हणणारी घरं अजून आहेत. त्यासाठी नीलाबाईंनी उखळ ठेवलं आहे, आणि दुसऱ्या मुसळाला आता सून आहे, रोहिणी. रोहिणी बी.कॉम. झालेली, दुकानाचा सगळा व्यवहार मोबाइलवर बघणारी.

“आत्या, जगात मिक्सर आलाय,” ती म्हणायची.

“आला आसंल. माझ्या घरात तू आलीस. उचल मुसळ. पुरं उचल!”

शंकरप्पा आणि नीलाबाई लिंगायत. दोघांच्याही गळ्यात दोऱ्याला बांधलेली चांदीची छोटी डबी, आणि त्या डबीत इष्टलिंग. दोन्ही डब्या एकाच सोनारानं लग्नाच्या वेळी घडवलेल्या. सकाळी आंघोळ झाली की दोघं शेजारी शेजारी बसतात, आपापलं लिंग डाव्या तळहातावर घेतात, विभूती लावतात, बेलाचं पान वाहतात आणि मगच चहा. पूजा झाली की ते पुन्हा छातीवर. झोपेत छातीवर, आजारपणात छातीवर. जीव असेपर्यंत ते अंगावेगळं करायचं नाही, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. अंगावरून देव उतरला म्हणजे माणूसच उतरला, असं त्यांच्यातली जुनी माणसं मानतात.

अप्पांना दुसरं एक वेड आहे, नाटकाचं. चैत्रातल्या जत्रेला गावची मंडळी नाटक करतात आणि मी ते बसवून देतो. अप्पांना पाठांतर अजिबात नाही, म्हणून त्यांना कायमचा भालदार केला. हातात काठी घेऊन सिंहासनाशेजारी उभं राहायचं, बोलायचं काही नाही. एका वर्षी मी राजा रणांगणावर मरून पडलो होतो. राणीचा विलाप रंगात आला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि नेमका वारा फिरला. कांडपाचा खकाणा स्टेजवर आला. भालदारानं छताकडे बघितलं. आता काय होणार हे मला मेल्या मेल्या कळलं. शिंक अशी आली, की मेलेला राजा जागच्या जागी उडाला. गाव अजून त्याला ‘शिंकेचं नाटक’ म्हणतं. खरं नाव कुणालाच आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सेवाभावी संस्थेनं गावाला एक पेटी दिली. एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं, तर विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करणारी. ती कशी वापरायची, आणि ती येईपर्यंत छाती कशी दाबायची, हे शिकवायला आरोग्य केंद्राच्या प्रियदर्शनी सिस्टर पंचायतीच्या सभागृहात आल्या. बचत गटाच्या बायकांना बोलावलं होतं. मी चहाच्या ओढीनं गेलो होतो.

टेबलावर एक रबरी माणूस ठेवला होता. डोकं आणि छाती, पुढे काही नाही.

“सिस्टर, ह्याला कमरंखाली कायच न्हाई,” नीलाबाई म्हणाल्या. “आर्धाच मानूस जगवून करायचं काय?”

बायका पदरात तोंड घालून हसल्या. सिस्टरही हसल्या. “मावशी, छाती जगली की बाकीचा आपोआप जगतो,” म्हणाल्या.

मग त्यांनी शिकवलं. माणूस पडला, हाक मारून, हलवूनही जागा होत नाही, श्वास नीट चालत नाही, तर वाट बघायची नाही. एकानं १०८ला फोन लावायचा, एकानं पेटी आणायला पळायचं, आणि एकानं लगेच छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचं. जोरात आणि भरभर, सेकंदाला जवळजवळ दोनदा. “पडलेला माणूस कधी कधी घोरल्यासारखा आवाज करतो, तोंड उघडून आचके देतो,” त्या म्हणाल्या. “लोकांना वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नसतो, त्याला फसू नका. आणि दाबलं की हात पूर्ण वर येऊ द्या. छाती परत वर आली पाहिजे, तरच हृदयात रक्त भरतं.”

कोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागावा, तसं नीलाबाईंनी सुनेकडे बघितलं. “ऐकलंस का? पुरं उचलायचं!”

त्यांची पाळी आली तेव्हा टेबल हलायला लागलं. रबरी माणसाच्या छातीतून टकटक आवाज निघत होता.

“बरोबर आहे मावशी, असंच,” सिस्टर म्हणाल्या. “खऱ्या माणसाची एखादी बरगडी मोडेलही. पण थांबायचं नाही.”

“बरगडी देऊन मानूस मिळत आसंल तर सौदा वाईट न्हाई,” नीलाबाई दाबता दाबता म्हणाल्या.

पेटी कुठे ठेवायची यावर मोठी चर्चा झाली. बहुतेकांचं मत पंचायतीच्या कपाटात, कुलपात. “आन मानूस संध्याकाळी पडला तर?” नीलाबाईंनी विचारलं. “त्याला काय म्हनायचं, उद्या हापिस उघडल्यावर ये?” शेवटी पेटी स्टँडवरच्या बिभीषणच्या चहाच्या हॉटेलात, भिंतीवरच्या फळीवर गेली. ते हॉटेल झुंजूमुंजू होतं तेव्हा उघडतं आणि शेवटची गाडी गेल्यावर बंद होतं. बिभीषणनं पहिल्याच दिवशी पेटीला हळदकुंकू लावलं. पुढे रोज सकाळी गल्ल्यावरच्या देवाबरोबर तिलाही उदबत्ती आणि झेंडूचा हार. लोक हसले तर म्हणायचा, “आजून तिच्यावर वेळ आली न्हाई ना? मंग ती पावती हाय.”

चैत्र लागला. जत्रा जवळ आली. बाजार नसलेल्या दिवशी, दुपार कलल्यावर, बाजारतळाच्या पत्र्याच्या शेडखाली आमची तालीम चालायची. त्या दिवशीही बघायला रिकामटेकडी मंडळी जमली होती, आणि मिरची कुटून व्हायची वाट बघणाऱ्या चार बाया. राजाचं काम करत होता ट्रॅक्टर दुरुस्त करणारा बजरंग. सिंहासनावरून उठावं कसं, हे त्याला दाखवायला मी स्वतः खुर्चीवर बसलो होतो. शेजारी भालदाराचा जरीचा कोट घालून, काठी घेऊन अप्पा उभे. सकाळपासून ते छातीत जळजळतंय म्हणत होते. पित्त समजून बिभीषणकडे सोडा पिऊन आले होते.

आधी काठी पडली. मग अप्पा.

“वा अप्पा!” कुणी तरी ओरडलं. “ह्या वर्षी शिंक न्हाई, डायरेक मरन!” टाळ्या पडल्या.

मी जन्मभर स्टेजवर पडत आलो. पडणारा नट कितीही बेभान असला, तरी आपला एक हात आधी जमिनीकडे पाठवतो, मान सांभाळतो. अप्पांनी काहीच पाठवलं नाही. थप्पीवरून पोतं घसरावं तसे ते आले. मी खुर्चीतून उठलो आणि ओरडलो, “धावा! कुणी तरी धावा!”

माझा आवाज असा कमावलेला, की मला साधं ओरडताही येत नाही. पुन्हा टाळ्या पडल्या. “राजे, गळा आजून शाबूत हाय बरं का!” एक जण म्हणाला. मी ‘अरे, खरं आहे हे’ म्हणालो, तर तेही त्यांना संवादच वाटला.

रस्त्यापलीकडचं कांडपाचं यंत्र मात्र बंद झालं. नीलाबाई पळत आल्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाल्या, “म्हैनाभर तालीम ऐकतेय, भावजी. राजा कावून ‘धावा’ म्हनंल? राजा म्हनतो, ‘कोण आहे रे तिकडे.’ ‘धावा’ म्हननारा राजा मी बघितला न्हाई.”

त्यांचे हात कोपरापर्यंत मिरचीनं लाल होते. गुडघ्यावर बसून त्यांनी नवऱ्याला सरळ केलं, खांदे गदागदा हलवले. “अवो! अवो, ऐकू येतंय का?” अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तोंड उघडलं, घशातून घर्र असा आवाज आला, तोंड मिटलं. टाळ्या वाजवणारे हात आता खाली आले होते.

अप्पांचे थोरले चुलतभाऊ हरिबा पायातली चप्पल काढून पुढे झाले. “फिट हाय ही. चप्पल हुंगवा. आन श्वास चाललाय की, घोरतोय बघा!”

“दादा, त्यो श्वास न्हाई,” नीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. पुढच्या क्षणी तो नेहमीचा झाला. “रोहिणे, १०८ लाव! बजरंग, पळ, बिभीषनकडून पेटी आण!”

दुकानातून आलेल्या रोहिणीनं फोन लावला. राजाचा मुकुट डोक्यावर तसाच घेऊन बजरंग स्टँडकडे सुटला. नीलाबाईंनी जरीच्या कोटाला हात घातला, दोन्हीकडे ओढला, बटणं उडाली. छाती उघडी झाली.

आणि त्या थांबल्या.

सिस्टरांनी दाखवलेली जागा छातीच्या मधोमध. नेमक्या त्या जागेवर दोऱ्यातली चांदीची डबी होती. जिथे सगळा जोर टाकायचा, तिथेच देव.

“नीला,” हरिबा म्हणाले. “त्याला हात लावू नको. जीव आसंल त्याच्यात आजून. देव उतरवला म्हंजी संपलं.”

कुणी हललं नाही. नाटकात आम्ही अशा वेळी मुद्दाम थांबतो. प्रेक्षकाचा श्वास अडकला की आम्हाला बरं वाटतं. इथे श्वास खरोखर अडकलेला होता, आणि थांबण्यातला प्रत्येक क्षण अप्पांच्या आयुष्यातून जात होता. ते मला कळत होतं, आणि त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. जन्मभराचा नेम एका बाजूला होता. नवऱ्याचा जीव दुसऱ्या बाजूला.

त्यांनी अप्पांचं डोकं एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं दोरा काढला, आणि तो स्वतःच्या गळ्यात घातला. त्यांच्या डबीवर त्यांच्या नवऱ्याची डबी आली. टिक असा बारीक आवाज झाला.

“देव अंगावरच हाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या.”

आणि त्यांनी तळहातावर तळहात ठेवून दाबायला सुरुवात केली.

तो आवाज मी विसरणार नाही. त्या खाली जायच्या, वर यायच्या, आणि गळ्यातल्या दोन डब्या एकमेकींवर आपटायच्या. टिक. टिक. टिक. एवढी माणसं जमलेली, पण दुसरा आवाज नव्हता. मधेच खालून काही तरी मोडल्याचा आवाज आला. बायांपैकी एक किंचाळली. टिक टिक थांबली नाही.

थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून गेली, दंड थरथरायला लागले. “रोहिणे, ये!”

रोहिणीनं फोन माझ्या हातात दिला. ती समोरच्या बाजूला गुडघ्यावर बसली. सासूचे हात वर आले, आणि त्याच ठोक्याला सुनेचे हात खाली गेले. कितीतरी वर्षं मागे जाऊन मी त्या उखळापाशी उभा आहे असं मला वाटलं. धम्म, धम्म, धम्म, कुठे खंड नाही.

“पुरं उचल,” सासू धापा टाकत म्हणाली.

“उचलतेय, आत्या!” सून रडत म्हणाली, आणि खरंच पुरं उचलत होती.

बजरंग पेटी घेऊन आला. पेटीवर बिभीषणचा झेंडूचा हार तसाच होता, मागून बिभीषण उघड्या पायानं पळत आला होता. झाकण उघडलं, आणि आतून एक बाईमाणसाचा शांत आवाज हिंदीत बोलायला लागला. आमच्या कंपनीत विंगेत बसून नटाला वाक्यं पुरवणारा एक म्हातारा प्रॉम्प्टर होता. स्टेजला आग लागली असती तरी त्याचा सूर बदलला नसता. हा आवाज अगदी तसा होता. आम्ही सगळे आपापली वाक्यं विसरून गेलेले नट, आणि तो एकेक वाक्य पुरवत होता. कपडे हटवा. चिकटपट्ट्या चित्रात दाखवल्या तशा लावा. नीलाबाईंनी पदरानं घाम पुसला, एक पट्टी उजव्या खांद्याखाली लावली, दुसरी डाव्या काखेखाली, बरगड्यांवर. आवाजानं सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. पेटी हृदयाचा अंदाज घेऊ लागली.

“दादा, पाय सोडा!” नीलाबाई ओरडल्या.

हरिबा धाकट्या भावाचे दोन्ही पाय छातीशी धरून बसले होते. थोरल्यानं धाकट्याचे पाय धरलेले मी कधी बघितले नव्हते. बिभीषणनं त्यांना काखेत हात घालून मागे ओढलं. रोहिणीनं लुकलुकणारं बटण दाबलं. अप्पांचं अंग एकदा उसळलं आणि खाली पडलं.

काही झालं नाही.

पण पेटीतली बाई त्याच सुरात म्हणाली की छाती दाबणं सुरू ठेवा. नीलाबाईंनी तिच्यावर असा विश्वास ठेवला, जसा मी देवळात कुणी ठेवलेला बघितला नाही. त्या पुन्हा खाली वाकल्या. टिक. टिक. टिक.

मी कितीतरी राजे मेलेले बघितले, कितीतरी राजे स्वतः होऊन मेलो. पडदा पडला की आम्ही धूळ झटकून उठायचो आणि भजी खायला जायचो. मरण परतीचं असतं, अशी माझी कुठे तरी समजूतच झाली होती. त्या दिवशी पडदा नव्हता. उघड्या जमिनीवर, मिरचीच्या वासात, एक माणूस मेलेला होता, हे मी बघितलं. आणि मग त्याच माणसाचा हात उठला आणि त्यानं आपल्या बायकोचं मनगट बाजूला सारलं. अर्धवट, चिडून, झोपेतून उठवल्यावर सारावं तसं.

नीलाबाईंचे हात तसेच हवेत राहिले.

अप्पांनी श्वास घेतला. तो घर्र नव्हता. लांब, ओढून घेतलेला, खरा. मग दुसरा. ओठांवरची राख हळूहळू उतरत गेली. मी देव मानतो की नाही हे मला नीट सांगता येत नाही, पण माझे हात जोडले गेले. आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांचेच जोडले होते. कुणाला जोडले होते, ते ज्याचं त्यालाच माहीत. कुणी वर आभाळाकडे बघत होतं, कुणी पेटीकडे, आणि बजरंग त्या दोन बायकांकडे.

डोळे अजून उघडले नव्हते, तरी अप्पांचा हात छातीवर गेला. बोटं चाचपडायला लागली. मधोमध, डावीकडे, उजवीकडे. ते काय शोधत होते हे सगळ्यांना कळलं.

“माझ्याजवळ हाय, अवो. माझ्याजवळ हाय,” नीलाबाई म्हणाल्या. छातीवर अजून पट्ट्या होत्या, म्हणून त्यांनी गळ्यातला अप्पांचा दोरा काढून ती डबी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली, रोज सकाळी पूजेला ठेवतात तशी, आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

अँब्युलन्स आली. केजला, तिथून अंबाजोगाईला. हृदयाची एक मोठी नळी तुंबली होती, ती मोकळी करून जाळी बसवली. मी भेटायला गेलो तेव्हा अप्पा उशाला टेकून बसले होते. तरुण डॉक्टर त्यांची छाती तपासत होते. ते बुचकळ्यात पडले होते.

“झटक्यानं कातडी थोडी लाल होते,” ते म्हणाले. “पण एवढी आग कशी होतेय?”

नीलाबाईंनी आपले दोन्ही तळहात त्यांच्यासमोर धरले. “लवंगी हाय, साहेब. धुवायला टाइम मिळाला न्हाई.”

हरिबाही आले होते. कोपऱ्यात उभे होते. शेवटी म्हणाले, “नीला, मी तुला आडवलं आसतं तर...”

“सोडा, दादा. तुमी पाय धरले तवाच ते घाबरून परत आले,” नीलाबाई म्हणाल्या. अप्पा हसायला गेले आणि छाती धरून विव्हळले. दोन बरगड्या मोडल्या होत्या.

त्या बरगड्यांनी पुढचं सगळं घडवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हाडं जुळेपर्यंत खोकताना, शिंकताना छातीशी उशी घट्ट धरायची. नीलाबाईंनी शिंक एवढाच शब्द ऐकला. वडगावात आल्या आणि ऐन हंगामात कांडपाला कुलूप घातलं. वर्षाची मिरची घेऊन आलेल्या बाया परत गेल्या. बोल लावून गेल्या. बाजारतळ इतका शांत झाला, की गाडीची वाट बघणारी माणसं अस्वस्थ व्हायला लागली. जत्रा झाली. नाटकही झालं. भालदार म्हणून आम्ही कुणाला उभं केलं नाही, काठी नुसती सिंहासनाला टेकवून ठेवली.

“राजेकाका, आत्याला तुम्हीच समजवा,” रोहिणी एकदा माझ्याकडे आली. “मामा दुपारी डोळा लागून पडले, की आत्या त्यांच्या नाकापुढं हात धरून बसते. तिला वाटतं, आपण परत आणलेला माणूस आपल्याकडं फक्त ठेवायला दिलाय.”

मी गेलो, पण बोललो नाही. ज्या बाईनं ते केलं, तिला मी काय समजावणार? एवढी मोठी गोष्ट हातून झाल्यावर हात घाबरणारच.

समजावलं ते अप्पांनीच. त्या दिवशी मी दुकानासमोर बाकड्यावर बसलो होतो. अप्पा पुन्हा गल्ल्यावर बसायला लागले होते, मांडीवर उशी, गळ्यात डबी.

“कांडप चालू कर,” ते म्हणाले.

“आन बरगडी?”

“दोन तूच मोडल्यास. तिसरीची चिंता आता कावून?” मग म्हणाले, “शिंक बी येऊ द्यायची न्हाई, तर मला परत कशाला आणलंस गं?”

नीलाबाई पदराला बांधलेली किल्ली सोडत रस्ता ओलांडून गेल्या.

यंत्र धडधडलं. लाल धुरळा उठला. आधी शिंपी शिंकला. मग मी. मग स्टँडवरची माणसं, एकामागून एक, हातातली पिशवी खाली ठेवून, हसत हसत शिंकायला लागली. बिभीषण हॉटेलातून बाहेर आला. पेटीचा हार त्यानं त्या दिवशी ताजा घातला होता. हळूहळू सगळ्यांच्या माना किराणा दुकानाकडे वळल्या.

अप्पांनी छताकडे बघितलं. दोन्ही हातांनी उशी छातीशी घट्ट धरली. डोळे मिटले. सगळं अंग मागे गेलं, आणि तिथेच थांबलं. इतका वेळ थांबलं, की यंत्राच्या बटणावर नीलाबाईंचा हात गेला.

मग ती आली. तराजूची पारडी हलली. शेडवरचं कबूतर उडालं. अप्पा “आई गं” म्हणून उशीवर वाकले, आणि वर उठले ते डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू घेऊन.

आम्ही सगळे नीलाबाईंच्या ‘हळू’ची वाट बघत होतो. त्या कांडपाच्या दारात आल्या. लाल झालेला हात त्यांनी आपल्या गळ्यातल्या डबीवर ठेवला होता.

“आजून एक येऊ द्या!” त्या ओरडल्या.